खेळ मुलांचा, डाव मोठ्यांचा

२०२६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांकडे सोपविले गेले, तेव्हापासून अमेरिका फुटबॉलमधील मोठी सत्ता केव्हा होणार, हा जुना प्रश्न नव्या उत्साहाने विचारला जाऊ लागला. जाणकार त्याचे उत्तर राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकात, व्यावसायिक लीगच्या उत्पन्नात किंवा युरोपात खेळणाऱ्या खेळाडूंच्या संख्येत शोधतात. परंतु त्या देशातील असंख्य आईबापांपुढचा फुटबॉलचा प्रश्न अगदी निराळा आणि फार साधा आहे. येत्या शनिवारी मुलीच्या सामन्यासाठी किती मैल मोटार हाकावी लागणार, रात्री हॉटेलात मुक्काम करावा लागणार काय, आणि हा खर्च आणखी किती वर्षे झेपणार, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता ही एका श्रीमंत देशातील सुखवस्तू कुटुंबांची घरगुती विवंचना वाटेल. तथापि खेळ कोणासाठी असतो आणि त्याची व्यवस्था कोण कोणाच्या सोयीने लावतो, हा सार्वजनिक प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे.

डॅलस आणि ह्यूस्टन ही दोन्ही शहरे टेक्सास या एकाच राज्यात आहेत. पण त्यांच्यातील अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते कोल्हापूर इतके भरते. डेन्व्हर आणि सॉल्ट लेक सिटी या दोन शेजारी राज्यांच्या राजधान्या. त्यांच्यामधील रस्ता मुंबई-नागपूर प्रवासाएवढा लांब आहे. अशा अंतरांवर तेरा-चौदा वर्षांची मुले सत्तर-ऐंशी मिनिटांच्या सामन्यासाठी नेली जातात आणि सोमवारी सकाळी शाळेच्या बाकावर पेंगत बसतात. देश विस्तीर्ण आहे, तेव्हा अंतरे मोठी असायचीच, असे म्हणून हा विषय संपविता आला असता. पण खरे नवल पुढेच आहे. ज्या मुलीला शेकडो मैल दूर नेले जाते, तिच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर तिच्याच वयाच्या, तिच्याच तोडीच्या मुलींचा दुसरा एक क्लब असतो आणि त्या क्लबाशी तिचा संघ सबंध हंगामात एकदाही खेळत नाही. कारण दोन्ही क्लब दोन वेगवेगळ्या लीगांचे सभासद असतात. हे अंतर भूगोलाने निर्माण केलेले नाही. ते संस्थांच्या चढाओढीतून निर्माण झालेले आहे.

गल्लीतून महामार्गाकडे

आरंभी असे नव्हते. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स या गावी ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ स्थापन झाली, तेव्हा प्रत्येक मुलाला खेळावयास मिळाले पाहिजे, हे तिचे पहिले तत्त्व होते. संघ समतोल करावयाचे, प्रत्येकाला निदान अर्धा सामना तरी खेळू द्यावयाचे, आणि पंचाचे व प्रशिक्षकाचे काम गावातल्याच आईबापांनी विनामूल्य करावयाचे, अशी ती पद्धत होती. १९७४ मध्ये ‘यूएस यूथ सॉकर’ ही दुसरी मोठी संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून खेळू लागला आणि अमेरिकेतील उपनगरांना या खेळाची गोडी लागली. १९९४ ची विश्वचषक स्पर्धा आणि १९९६ मध्ये सुरू झालेली ‘मेजर लीग सॉकर’ यांनी त्या गोडीला व्यवसायाचे रूप दिले.

खेळ पसरला तसे त्याचे दोन थर पडले. एक मोहल्ल्यातला, हौसेचा. दुसरा निवड-चाचणी घेऊन जमविलेल्या संघांचा. या दुसऱ्या थरातील संघांना तेथे ‘ट्रॅव्हल टीम’, म्हणजे प्रवास करणारा संघ, असे म्हणतात. हा शब्दच पुरेसा बोलका आहे. चांगला संघ म्हणजे चांगला खेळणारा नव्हे, तर लांब जाणारा! मूल किती दूर खेळावयास जाते, यावरून त्याची गुणवत्ता ओळखण्याची सवय एकदा समाजाला लागली, की जवळच्या मैदानाची किंमत आपोआप उतरते. पुढील अर्धशतकात घडले ते हेच.

लीगांची भाऊबंदकी

अमेरिकेच्या केंद्र सरकारात क्रीडाखाते नाही. १९७८ च्या कायद्याने ऑलिंपिकमधील प्रत्येक खेळाची व्यवस्था त्या त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाकडे सोपविली. फुटबॉलच्या महासंघाखाली मुलांच्या खेळासाठी एक नव्हे, तर अनेक संघटना नांदतात. वरील दोन संघटनांच्या जोडीला २००१ मध्ये ‘यूएस क्लब सॉकर’ आली. मुले तीच, मैदाने तीच. मात्र नोंदणी-शुल्क कोणाच्या पेटीत पडावे, याची स्पर्धा सुरू झाली.

या स्पर्धेत महासंघाने पंचाची भूमिका बजावावी, अशी अपेक्षा होती. पण २००७ मध्ये पंच स्वतःच मैदानात उतरला. निवडक क्लबांच्या मुलांसाठी महासंघाने ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ नावाची आपलीच लीग सुरू केली. तीत शिरकाव न मिळालेल्यांची आणि जिला अजून जागाच नव्हती त्या मुलींच्या फुटबॉलची सोय लावण्यासाठी इतरांनी आपापली दालने थाटली. मुलींच्या प्रमुख क्लबांनी २००९ मध्ये ‘एलिट क्लब्ज नॅशनल लीग’ काढली. २०१२ मध्ये महासंघाच्या लीगने हंगाम दहा महिन्यांचा केला आणि आपल्या खेळाडूंना शाळेच्या संघातून खेळण्यास मनाई केली. शाळा हे अमेरिकन मुलाचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत स्वस्त मैदान. नेमके तेच त्याला बंद झाले.

२०१७ मध्ये महासंघाने मुलींसाठीही आपली अकॅडमी उघडली. तेव्हा नामांकित क्लबांत फूट पडली. काही तिकडे गेले, काही जुन्या लीगमध्ये राहिले, आणि जुन्या लीगने त्याच वर्षी मुलांसाठी शाखा काढून परतफेड केली. तीन हंगामही धड पुरे झाले नाहीत, तोच एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या काळात, महासंघाने आपली सारी अकॅडमी गुंडाळली. मुलांच्या बाजूची मोकळी जागा ‘एमएलएस नेक्स्ट’ने घेतली. मुलींच्या बाजूला काही क्लब मागे फिरले आणि उरलेल्यांनी ‘गर्ल्स अकॅडमी’ ही नवी लीग काढली. एखाद्या मुलीने २०१६ ते २०२० या काळात घर बदलले नाही, शाळा बदलली नाही, प्रशिक्षकही बदलला नाही. तरी ती दोन-तीन लीगांतून फिरून आली असण्याचा संभव आहे. दर वेळी प्रतिस्पर्धी बदलले, प्रवासाचे मार्ग बदलले आणि वर्गणीचा आकडा बदलला.

या साऱ्या लीगांत एक गोष्ट समान आहे. वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळतो तो बहुधा खालच्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवून नव्हे, तर संचालकांच्या मान्यतेने. क्लबाला सभासदत्व दिले जाते, नाकारले जाते, काढून घेतले जाते. साहजिकच लीगचे बोधचिन्ह ही मौल्यवान मालमत्ता ठरते. ज्या क्लबाकडे ते आहे, त्याच्याकडे चांगली मुले आणि फी भरणारे पालक धाव घेतात. ज्याच्याकडून ते जाते, त्याचे मैदान एका उन्हाळ्यात ओस पडते. म्हणून शेजारच्या क्लबाला आपल्या लीगमध्ये येऊ न देणे यात हितसंबंध निर्माण होतात आणि शेजाऱ्याला वगळले की प्रतिस्पर्धी दुसऱ्या राज्यातून आणावे लागतात. मुलांचा प्रवास वाढतो तो असा.

वयोगटाच्या नियमाचा इतिहासही हेच सांगतो. पूर्वी वयाची गणना शाळेच्या वर्षाला धरून, ऑगस्टपासून होत असे. आंतरराष्ट्रीय पद्धतीशी मेळ घालावयाचा म्हणून २०१७ पासून ती जानेवारीपासून करणे सक्तीचे झाले. त्यामुळे एकाच वर्गातील मित्र निरनिराळ्या संघांत फेकले गेले आणि जमलेले संघ मोडले. आता प्रमुख युवक संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून पुन्हा ऑगस्टची रेघ आखावयाचे ठरविले आहे. म्हणजे संघ पुन्हा मोडणार. दोन्ही निर्णयांच्या बाजूने युक्तिवाद करता येतील. परंतु ज्यांची मैत्री दोन वेळा पणाला लागली, त्या मुलांचे मत विचारण्याची आवश्यकता फारशी कोणाला वाटली नाही.

पैशाचा उगम

या भाऊबंदकीच्या मुळाशी केवळ अहंकार नाही, अर्थकारणही आहे. जगातील बहुतेक फुटबॉल-राष्ट्रांत मुलाला घडविणाऱ्या छोट्या क्लबाला एक आशा असते. तो मुलगा पुढे एका देशातून दुसऱ्या देशात मोठ्या किमतीला विकला गेला, तर ‘फिफा’च्या नियमांप्रमाणे त्या रकमेतील पाच टक्के वाटा, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्यांनी त्याला शिकविले, त्या क्लबांना मिळतो. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्याकडे बोट दाखवून ही पद्धत दीर्घकाळ दूर ठेवण्यात आली. डिआंड्रे येडलिन हा सिअ‍ॅटलचा खेळाडू २०१४ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबाकडे गेला, तेव्हा त्याला लहानपणी घडविणाऱ्या ‘क्रॉसफायर’ क्लबाने आपला वाटा मागितला. प्रकरण ‘फिफा’पर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. २०१९ मध्ये मेजर लीग सॉकरने आपल्या संघांसाठी असा मोबदला मागण्याचे जाहीर केले खरे. पण गावोगावच्या साध्या क्लबांच्या झोळीत त्यामुळे फारसे काही पडले नाही.

जेथे खेळाडूच्या यशातून क्लबाला उत्पन्न नाही, तेथे उत्पन्नाचा एकच झरा उरतो, तो म्हणजे पालकाचा खिसा. पगारी प्रशिक्षक, संचालक, मैदानांचे भाडे, लीगचे शुल्क हे सारे त्यातूनच भागवावयाचे. मग पालकाला दरवर्षी काही तरी अधिक ‘वरचे’ दाखवावे लागते. विभागीय लीगपेक्षा राष्ट्रीय लीग वरची, राष्ट्रीय लीगपेक्षा निमंत्रितांची स्पर्धा वरची. ‘राष्ट्रीय’ हा शब्द जोडला की विमानाचे तिकीट आलेच.

या शिडीच्या टोकाला महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचे आमिष टांगलेले असते. महाविद्यालयांचे प्रशिक्षक एका ठिकाणी शेकडो खेळाडू पाहू शकतील, अशी प्रदर्शन-संमेलने भरविली जातात आणि तेथे हजर नसणे म्हणजे संधी गमावणे, असे पालकांना वाटते. वस्तुस्थिती काय होती? २०२५ पूर्वीच्या नियमांप्रमाणे पहिल्या श्रेणीतील महाविद्यालयाला पुरुषांच्या फुटबॉलसाठी जास्तीत जास्त ९.९ आणि महिलांसाठी १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येत असे, आणि ती पंचवीस-तीस खेळाडूंत वाटली जात असे. बहुतेकांच्या वाट्याला तुकडा येई. त्या तुकड्यासाठी दहा वर्षे केलेला खर्च हिशेबात धरला, तर पुष्कळ कुटुंबांना तो तोट्याचाच व्यवहार ठरला असेल.

या प्रवासावर जगणारी एक नवी बाजारपेठही निर्माण झाली आहे. इंडियाना राज्यातील वेस्टफील्ड या गावी २०१४ मध्ये ‘ग्रँड पार्क’ हे सुमारे चारशे एकरांचे क्रीडासंकुल उघडले. आपल्याही गावी अशी मैदाने असावीत, बाहेरगावचे संघ यावेत आणि हॉटेले भरावीत, अशी महत्त्वाकांक्षा आज अनेक नगरपालिका बाळगतात. कित्येक स्पर्धांत तर संयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच उतरले पाहिजे, नाही तर संघाला खेळता येणार नाही, अशी अट असते. म्हणजे नातेवाइकांकडे उतरून चार पैसे वाचविण्याची वाटही बंद. ‘ॲस्पेन इन्स्टिट्यूट’ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये मुलाच्या मुख्य खेळावर अमेरिकन कुटुंबाने सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले; २०१९ च्या तुलनेने ही वाढ ४६ टक्के होती. ही सरासरी सर्व खेळांची आहे आणि तीत गल्लीतले हौशी संघही आले. प्रवासी क्लबांतील कुटुंबांचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो.

दुसरी बाजू

या व्यवस्थेचे समर्थक अगदीच निराधार बोलत नाहीत. चांगल्या खेळाडूला चांगला प्रतिस्पर्धी हवा आणि तो नेहमी गावातच मिळेल असे नाही. शिकलेला, पगारी प्रशिक्षक हौशी पालकापेक्षा अधिक देतो, हेही खरे. काही क्लब गरीब मुलांना फी माफ करतात. शिवाय अमेरिकेच्या महिला संघाने चार वेळा विश्वचषक जिंकला, तो याच क्लबांच्या आणि महाविद्यालयांच्या जोरावर, असे अभिमानाने सांगितले जाते.

परंतु या युक्तिवादातील शेवटचा मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे. १९९१ आणि १९९९ चे विश्वविजय आजच्या राष्ट्रीय लीगा जन्माला येण्यापूर्वीचे आहेत. त्या यशाचा मोठा वाटा १९७२ च्या शिक्षण कायद्यातील त्या तरतुदीला जातो, जिने शाळा-महाविद्यालयांत मुलींना खेळाची दारे मोकळी केली. म्हणजे यश आले ते दार उघडल्यामुळे; दारावर तिकीट लावल्यामुळे नव्हे. आणि पुरुषांच्या संघाचे काय? १० ऑक्टोबर २०१७ रोजी त्रिनिदाद व टोबॅगोसारख्या चिमुकल्या देशाकडून २-१ असा पराभव पत्करून अमेरिका २०१८ च्या विश्वचषकाला मुकली. त्यानंतर महासंघाच्या अध्यक्षपदासाठी तब्बल आठ उमेदवार उभे राहिले आणि ‘पैसे भरा, मग खेळा’ या पद्धतीवर प्रचारात बरीच टीका झाली. निवडणूक झाली, पद्धत राहिली.

गुणी मुलाला चांगले शिक्षण द्यावयाचे, तर त्याला दूर नेण्याखेरीज गत्यंतर नाही, हेही खरे नाही. २००० च्या युरोपियन स्पर्धेत नामुष्की पदरी आल्यावर जर्मनीने देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण-केंद्रे उभारली. तेथील महासंघाने नेमलेला प्रशिक्षक मुलाच्या गावाजवळ येतो. मूल आपल्या जुन्या क्लबातच राहते आणि आठवड्यातून एकदा जादा शिक्षण घेते. २०१४ मध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला. नॉर्वेने तर मुलांच्या खेळातील हक्कांची सनदच केली आहे. तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, अकरा वर्षांच्या आत गुणतक्ते आणि क्रमवारी नाही. या देशांचा आकार आणि परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य केले तरी तत्त्व बदलत नाही. एका ठिकाणी प्रशिक्षक मुलाकडे जातो, दुसऱ्या ठिकाणी मुलाला बाजाराकडे जावे लागते.

उपाय कोणाच्या हाती?

उपाय माहीत नाहीत असे नाही. ठराविक वयापर्यंत लीगच्या सामन्यासाठी परगावी मुक्काम नको, बोधचिन्ह कोणतेही असो, जवळच्या क्लबांनी आधी एकमेकांशी खेळावे, शाळेच्या संघातून खेळण्यास कोणी आडकाठी करू नये, आणि घडविलेल्या खेळाडूच्या मोबदल्यातील वाटा लहान क्लबापर्यंत पोचावा, इतके केले तरी निम्मा प्रवास वाचेल. लीगांना मान्यता देण्याचा अधिकार महासंघाकडे आहे. त्या मान्यतेला अशा अटी घालता येतील. अडचण अशी, की ज्या युवक संघटनांना शिस्त लावावयाची, त्यांचे प्रतिनिधीच महासंघाच्या सर्वसाधारण सभेत मतदार असतात, आणि बंधने घातलीच तर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोणी न्यायालयात खेचील, ही धास्तीही असते. पालक मात्र कोठेच मतदार नाहीत. ते फक्त वर्गणीदार आहेत. एकेकट्या पालकाला क्लब सोडण्याचे धैर्य होत नाही, कारण आपण मागे हटलो आणि इतर पुढे गेले तर नुकसान आपल्याच मुलाचे, अशी भीती प्रत्येकाच्या मनात असते. सर्वांना नको असलेली गोष्ट सर्वजण मिळून चालू ठेवतात, ती या भीतीमुळे.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथील मराठी कुटुंबांना हे चित्र परके नाही. सुटीच्या दिवशी भरणारी मराठी शाळा, मंडळाचा गणेशोत्सव आणि मुलाचा परगावचा सामना एकाच तारखेला आला, की काय सोडावयाचे, हा पेच त्यांच्याही घरात पडतो. महाराष्ट्रानेही याकडे केवळ दुरून पाहू नये. पालघरचा शार्दूल ठाकूर किटबॅग खांद्यावर टाकून लोकलने मुंबईच्या मैदानांवर येत असे. तो प्रवास खडतर होता. पण त्या वाटेचे तिकीट रेल्वेच्या पासाइतके होते आणि वाटेच्या टोकाला सर्वांना खुले असलेले मैदान होते. आज मुंबई-पुण्यात फी घेणाऱ्या अकादमी आणि परगावच्या निमंत्रितांच्या स्पर्धा यांचे आकर्षण वाढत आहे. सार्वजनिक मैदान आणि शाळेचा संघ यांची उपेक्षा होऊ दिली, तर अमेरिकन पालक आज जेथे उभा आहे, तेथे पोचावयास येथील कारकुनाला आणि शिक्षकाला फार वेळ लागणार नाही. आणि त्याचा खिसा तर अमेरिकन पालकापेक्षा पुष्कळच लहान आहे.

अमेरिकेत उद्याचा थोर फुटबॉलपटू आजही एखाद्या गल्लीत चेंडूला लाथ मारीत असेल. त्याचा बाप रात्रपाळी करीत असेल, घरात एकच मोटार असेल आणि शनिवारी ती मोकळी नसेल. त्याला कोणी नाकारलेले नाही. त्याच्यापर्यंत कोणी पोचलेलेच नाही. ज्या व्यवस्थेत मुलाच्या पायातील कौशल्याआधी बापाच्या मोटारीतील पेट्रोल मोजले जाते, ती व्यवस्था कितीही राष्ट्रीय लीगा काढो, राष्ट्राचा संघ काही ती निवडू शकणार नाही.